एफवायला जाताना

शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात तुमच्याकडे कोणाचं तरी लक्ष असतं. दोन दिवस गैरहजर राहिलात तर वर्गशिक्षक विचारतात, चाचणीत गुण घसरले तर घरी फोन जातो. परीक्षेच्या फॉर्मची तारीख फळ्यावर लिहिली जाते आणि ती तुम्ही वहीत उतरवून घेतली की नाही हेही पाहिलं जातं. पदवीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे एफवायला, हे सगळं एका सुट्टीत थांबतं. भरलेल्या वर्गात तुम्ही आलात की नाही हे हजेरीपत्रकाखेरीज कोणाला कळत नाही. सूचना फलकावर लागते, मुदत संपते, लिंक बंद होते. तुम्हाला कोणी मुद्दाम टाळलेलं नसतं. तुम्ही आता मोठे झालात, गरज पडली तर येऊन विचाराल, असं तिथे सगळेच गृहीत धरतात.

पण बारा वर्षं ज्या मुलामुलींना फक्त उत्तरं द्यायला शिकवलं, त्यांना कार्यालयाच्या खिडकीशी किंवा प्राध्यापकांच्या केबिनच्या दाराशी उभं राहून प्रश्न कसा विचारायचा, हे कोणी शिकवलेलं नसतं. ज्यांच्या घरात आई-वडील, काका-मावशी पदवीधर आहेत, त्यांना यातलं बरंचसं जेवताना गप्पांमधूनच कळतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या, तालुक्याच्या गावातून पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला निघालेल्या मुलामुलींना ते कळत नाही. हे प्रकरण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात कागदांपासून करतो, कारण कागदांमुळे होणारं नुकसान जिव्हारी लागतं आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, दुसऱ्या बोर्डातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, एवढी फाइल निकालाच्या आधीच तयार हवी. निकाल लागला की सेतू केंद्रात सगळा तालुका एकाच वेळी येतो. उत्पन्नाच्या दाखल्याला आणि नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते, त्यामुळे घरात ‘आहे’ म्हणून ठेवलेल्या दाखल्यावरची तारीख आजच वाचा. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. समितीकडून ते यायला महिने लागू शकतात. त्याचा अर्ज बारावीत असतानाच, कॉलेजमार्फत, करून टाकायचा.

मूळ गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं पडताळणीनंतर परत मागून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की संस्थेने मूळ कागद पाहून परत द्यायचे आहेत, अडकवून ठेवायचे नाहीत. त्याच अधिसूचनेत शुल्क परताव्याची पद्धतही ठरवून दिली आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेला पंधरा किंवा अधिक दिवस बाकी असताना प्रवेश रद्द केला, तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा होऊन सगळी फी परत मिळते. त्यानंतर तो परतावा ९०, ८०, ५० टक्के असा उतरत जातो आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. त्यानंतरच्या काही वर्षी आयोगाने याहून सवलतीच्या तारखाही जाहीर केल्या, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघावं. दुसरीकडे चांगली जागा मिळाली आणि पहिल्या कॉलेजात भरलेले पैसे बुडाले असं समजून पुष्कळ पालक गप्प बसतात. त्यांनी लेखी अर्ज करावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि तिथे एक अगदी साधी अडचण वारंवार येते. मुलाच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर वडिलांचा असतो आणि तो फोन गावाकडे असतो. ओटीपी शेतातल्या फोनवर जातो, तिथे रेंज नसते, इकडे सायबर कॅफेत पानाची वेळ संपते. कधी तो नंबर बंद होऊनही वर्ष झालेलं असतं. घर सोडण्यापूर्वी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि स्वतःच्या नावावर बँक खातं काढून ते आधारशी जोडलं आहे याची बँकेत जाऊन खात्री करा, कारण शिष्यवृत्तीची रक्कम त्याच खात्यात येते. कोणत्या योजना आहेत हेही विचारून घ्या. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाचा निर्वाह भत्ता देणारी डॉ. पंजाबराव देशमुख योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. या योजना मिळतात त्या अर्ज करणाऱ्याला. कॉलेजातल्या शिष्यवृत्ती विभागाच्या टेबलाशी जाऊन ‘माझ्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला काय काय लागू होतं?’ असं सरळ विचारावं. यात लाजण्यासारखं काहीच नाही. हे पैसे तुमच्यासाठीच बाजूला ठेवलेले असतात.

आता अभ्यासक्रम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची रचनाच बदलली. महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी पदवीधर झालेल्या चुलतभावाचा सल्लाही आज अर्धाच उपयोगी आहे. आता हिशेब क्रेडिटमध्ये होतो. वर्गात पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट, प्रयोगशाळेत त्यासाठी तीस तास. एका सत्राला साधारण वीस ते बावीस क्रेडिट असतात. ही क्रेडिट तुमच्या नावाने अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि त्या खात्याचा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरवर काढावा लागतो. नाव आधारवर एक आणि गुणपत्रकावर वेगळं असेल तर इथेच अडतं, म्हणून ते आधी दुरुस्त करून घ्या.

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी बाहेर पडण्याची सोय नव्या रचनेत आहे. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावं लागलेल्या मुलीला परत येऊन ते पूर्ण करता यावं, हा या सोयीचा चांगला भाग. पण एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊ आणि बघू, असा बेत सुरुवातीलाच करू नये असं मला ठामपणे वाटतं. स्पर्धा परीक्षांपासून शिक्षकी पेशापर्यंत बहुतेक दरवाजे पदवीनेच उघडतात आणि एकदा सुटलेलं शिक्षण पुन्हा धरणं कागदावर दिसतं तितकं सोपं नसतं.

या रचनेतली खरी संधी फार कमी मुलं ओळखतात. ती आहे ओपन इलेक्टिव्हमध्ये. हा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला अर्थशास्त्र शिकता येतं, वाणिज्यच्या मुलाला मराठी साहित्य. प्रत्यक्षात काय होतं, तर ‘कशात मार्क सोपे मिळतात?’ एवढंच विचारून सगळा वर्ग एकाच विषयाकडे वळतो. दहावीनंतर ज्या शाखेत घरच्यांनी घातलं तीच आपली, असं मानून चाललेल्या मुलांना दुसऱ्या शाखेचं दार थोडं उघडून आत पाहण्याची ही पहिलीच वेळ असते. विषय निवडण्याआधी त्या विभागात जा, अभ्यासक्रम वाचा, शिकवणाऱ्यांना भेटा.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पहिले दोन महिने सर्वांत कठीण असतात ते इंग्रजीमुळे. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीत इंग्रजीची थोडी सवय झालेली असते, पण तिथेही शिक्षक मराठीत समजावून सांगत. इथे कदाचित सांगणार नाहीत. या काळात मुलं स्वतःबद्दल फार चुकीचा निष्कर्ष काढतात. कळत नाही ते भाषेमुळे, पण त्यांना वाटतं की आपल्याला विषयच झेपत नाही. हे दोन वेगळे काढायला शिका. जो तास होणार आहे त्याचा मुद्दा आदल्या रात्री मराठीतून वाचून जा. वाईहून निघणारा मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश काढले आहेत, तेही तिथे मिळतात. ‘जडत्व’ ही कल्पना तुम्हाला नववीपासून माहीत आहे. इंग्रजी नाव पाठ करायला एक दिवस पुरतो, कल्पना समजायला मात्र वर्षं लागतात आणि ती तुमच्याकडे आहे. वही उघडून डावीकडे इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे स्वतःच्या शब्दांत मराठी अर्थ लिहीत गेलात, तर दिवाळीपर्यंत फरक दिसू लागेल. कला आणि वाणिज्य शाखांचे अनेक पेपर मराठीतून लिहिण्याची मुभा राज्यातल्या विद्यापीठांत असते. आपल्या विषयाला ती आहे का, हे परीक्षा विभागात विचारून घ्या आणि ठरवा. पण मराठीतून लिहिणार असलात तरी इंग्रजी पुस्तकं वाचायचं सोडू नका.

अभ्यास करायची पद्धतही बदलावी लागते. बारावीपर्यंत पुस्तक तीनचारदा वाचून काम भागतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्यालाच आपण ‘झालं’ म्हणतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आदल्या रात्री वाचून सकाळी पेपर द्यायचा असेल तर वाचन पुरेसं वाटतं ते यामुळेच. पण एफवायचं गणित एसवायला लागतं, आणि एसवायचं टीवायला.

म्हणून तास संपल्यावर त्याच संध्याकाळी कोरा कागद घ्या, वही न उघडता आज काय शिकवलं ते लिहा, मग वही उघडून काय राहिलं ते बघा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. जागरण करून धडा संपवण्यापेक्षा दिवसाआड अर्धा तास जास्त टिकतो. रंगीत पेनने ओळी अधोरेखित करण्याचा फारसा उपयोग होत नाही, असंही अशा संशोधनांच्या मोठ्या आढाव्यांतून दिसलं आहे. मेंदूला आठवायला भाग पाडणं त्रासाचं असतं आणि त्या त्रासामुळेच ते पक्कं होतं.

राहण्याच्या सोयीबद्दल थोडक्यात. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा, यादी लागेपर्यंत थांबू नका. पुण्यासारख्या शहरात कॉट बेसिसवर राहायची वेळ आली तर डिपॉझिट किती, परत कधी, पाणी किती वेळ, हे लिहून घ्या आणि पैसे शक्यतो ऑनलाइन द्या. मेस महिनाभराची एकदम लावण्याआधी दोन-चार दिवस जेवून बघा. पुस्तकं विकत घेण्याआधी ग्रंथालयात बघा, मग सीनियरकडे, मग पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत. पैशांची ओढाताण असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच विचारावर, की कष्ट करणाऱ्या मुलाला शिक्षण दानासारखं मिळू नये, त्याच्या श्रमातून मिळावं. आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ही योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज काही तास काम असतं. बाहेर रात्रपाळी करून सकाळी तासाला झोपण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

यानंतर जे सांगायचं आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या सत्रात कधीतरी एका संध्याकाळी तुम्हाला वाटेल की आपण चुकून इथे आलो. बाकीचे सगळे बोलके आहेत, त्यांचे कपडे वेगळे आहेत, त्यांच्या ओळखी आधीपासूनच्या आहेत, आणि आपण बोललो की आपली बोली ऐकून कोणीतरी हसतं. हे वाटणं तुमच्या एकट्याचं नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासभर बसवून सीनियरांचे अनुभव वाचायला दिले. त्या अनुभवांत एवढंच होतं की सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि काही काळाने ते ओसरतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या तासाभराचा परिणाम पुढची तीन वर्षं दिसत होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं त्यांचं अंतर निम्म्यावर आलं. पुढे २०२३ मध्ये बावीस संस्थांत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जिथे अशा विद्यार्थ्यांना खरोखर सामावून घेणारी जागा होती, तिथेच हा उपाय लागू पडला. नुसता दिलासा पुरत नाही, बसायला एखादा कट्टाही लागतो.

तो कट्टा तुम्हाला शोधावा लागेल. एनएसएसचं शिबिर, वसतिगृहाचा कबड्डीचा संघ, भित्तिपत्रकाचं मंडळ, पुण्यात १९६३ पासून होत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या एकांकिकेच्या तालमी. अभिनय येत नसेल तर प्रकाशयोजना करा, सेट रंगवा. यातलं एकच काहीतरी धरा. नाटकात गेलेला मुलगा वाया जातो, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. मला उलट भीती वाटते ती तासाहून थेट खोलीवर आणि खोलीवरून थेट तासाला जाणाऱ्या, फोन सोडून कोणाशीही न बोलणाऱ्या मुलांची.

आणि एक तरी शिक्षक गाठा. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमराव आंबेडकरांशी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपणहून ओळख करून घेतली, त्यांना पुस्तकं दिली, आणि पुढे वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी दिलेल्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजातलं शिक्षण पुरं झालं. एल्फिन्स्टनमधल्या प्राध्यापक म्यूलर यांनीही त्यांना पुस्तकं आणि कपडे दिले. असे गुरुजी आजही महाविद्यालयांत आहेत, पण गर्दीत त्यांना तुम्ही दिसत नाही. केबिनमध्ये जाताना मोठं काही घेऊन जावं लागत नाही. ‘सर, परवाच्या तासातली ही पायरी मला कळली नाही, इथपर्यंत मी केलं आहे’ असं म्हणून वही पुढे करा. आपण कुठपर्यंत पोहोचलो हे दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक शिक्षक वेळ देतात. एखाद्याने झिडकारलं तर दुसऱ्याकडे जा.

रॅगिंग सहन करायचं नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर चोवीस तास तक्रार करता येते. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. मन फार खचलं, झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तितक्याच सरळपणे हा फोन करावा.

पहिल्या सत्राचा निकाल लागेल तेव्हा बारावीत ८५ टक्के मिळवलेल्या मुलीचाही एखादा विषय राहिलेला असू शकतो. एटीकेटीच्या नियमांनी पुढच्या सत्रात बसता येतं, त्यामुळे वर्ष गेलं असं समजून घरी निघून जाऊ नका. निकालापासून मोजकेच दिवस उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या अर्जाची मुदत असते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे. प्रत मागवा, ती घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांसमोर बसा आणि प्रत्येक प्रश्नात गुण कुठे गेले ते त्यांच्याकडून समजून घ्या. मग परीक्षा विभागात जाऊन राहिलेल्या विषयाचा फॉर्म कधी निघतो ते विचारा. तो पुढच्या सत्राच्या फॉर्मबरोबर आपोआप भरला जात नाही.